आरएनएची घडी आणि रेट्रोव्हायरस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बारावीचा वर्ग, रासेयोची शिबिरं, आशाताईंच्या बैठका, कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच्या गप्पा, अशा ठिकाणी एचआयव्हीवर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. 'होतो कसा आणि टळतो कसा' एवढंच लोक विचारतील असं मला सुरुवातीला वाटायचं. पोरं त्याच्या फार पुढे गेली. विषाणू स्वतःचा आरएनए ओळखतो कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा एका शेतमजुराच्या मुलीनं विचारला, आणि तेव्हा मला त्याचं नीट उत्तर देता आलं नव्हतं. नंतर वाचत गेलो. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले आहेत.

रेट्रोव्हायरस म्हणजे नेमकं काय?

आपल्या पेशीत डीएनए ही मूळ पोथी. तिच्यातला हवा तो भाग उतरवून घेतला की तो आरएनए, आणि आरएनए वाचून प्रथिन तयार होतं. रेट्रोव्हायरस येताना आरएनए घेऊन येतो आणि पेशीत शिरल्यावर त्यावरून डीएनए लिहितो. प्रवास उलटा, म्हणून नाव 'रेट्रो'. तो डीएनए मग आपल्या गुणसूत्रात जोडला जातो. सातबाऱ्यावर एकदा नाव चढलं की पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर ते येतंच, तसा तो त्या पेशीपासून होणाऱ्या प्रत्येक पेशीत उतरतो.

हे उलटं लिहिणारं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते आपापल्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे सापडलं, आणि १९७५ च्या नोबेलमध्ये दोघांचंही नाव होतं. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. त्याचा सगळा आरएनए सुमारे ९,७०० अक्षरांचा. आपला जनुकसंच तीनशे कोटी अक्षरांचा आहे, हे शेजारी ठेवून पाहा.

आमच्या कोंबड्यांना रेट्रोव्हायरस होतो का?

होतो. या विषाणूंची ओळखच कोंबडीपासून झाली. १९११ साली पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा रस अगदी बारीक गाळणीतून गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ आली. त्यांना नोबेल मिळालं ते १९६६ साली. कोंबड्यांमधला ल्युकोसिस हा आजारही रेट्रोव्हायरसचाच. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू हे रेट्रोव्हायरसचे नाहीत, ते वेगळ्या कुळातले विषाणू आहेत. कोंबड्यांचे हे रेट्रोव्हायरस माणसाला एड्स करत नाहीत.

आरएनएची 'घडी' म्हणजे काय?

सेवाग्रामला चरखा चालवणाऱ्या कुणालाही विचारा. सुताला पीळ जास्त झाला आणि ताण सोडला की ते सरळ राहत नाही, स्वतःलाच वेढे घालून बसतं. आरएनए हा असाच एकेरी धागा आहे. त्याच्यावर चार प्रकारची अक्षरं असतात : ए, यू, जी आणि सी. ए ची जोडी यू शी जमते, जी ची सी शी, आणि जी-यू अशी एक कच्ची जोडीही चालते. त्यामुळे धाग्याचा एक भाग मागे वळून त्याच धाग्याच्या दुसऱ्या भागाशी जुळतो. सुताचं वेटोळं कुठेही पडतं, आरएनएचं मात्र अक्षरांनी ठरवलेल्या जागीच पडतं. एवढाच फरक, पण सगळं त्या फरकात आहे.

यातला सगळ्यात साधा आकार वर्गात मी केसांचा आकडा हातात धरून दाखवतो. दोन दांड्या म्हणजे जुळलेली अक्षरं, वरचं वळण म्हणजे मोकळी राहिलेली अक्षरं. एचआयव्हीच्या आरएनएच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या साडेतीनशेच्या आतल्या अक्षरांत, असे आकडे एकामागे एक लागलेले आहेत. या भागातून एकही प्रथिन बनत नाही. एचआयव्हीची बाकीची अक्षरं वर्षानुवर्षं बदलत राहतात, हा भाग मात्र फार थोडा बदलतो. ज्याच्यातून काहीच तयार होत नाही ते विषाणूनं इतकं जपून का ठेवावं? पुढचे बहुतेक प्रश्न याच एका प्रश्नाच्या पोटातले आहेत.

पण काम अक्षरं करतात की घडी करते, हे कशावरून ठरवलं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर पाठांतरानं येत नाही.

समजा आकड्याच्या डाव्या दांडीवर जी आहे आणि समोर उजवीकडे सी. प्रयोगशाळेत डावीकडचा जी काढून तिथे सी घातला. जोडी तुटली, आकडा सैल झाला, विषाणू लंगडायला लागला. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कदाचित तो जी च महत्त्वाचा असेल. म्हणून आता उजवीकडचाही बदलायचा, सी च्या जागी जी. आता मूळची दोन्ही अक्षरं गेली आहेत, पण जोडी पुन्हा जमली आहे. आणि विषाणू पुन्हा चालायला लागला! अक्षरं दुसरी, आकार तोच, काम तेच. असं झालं की मानायचं, इथे काम आकार करतो आहे. एचआयव्हीच्या अनेक आकड्यांवर असे प्रयोग झाले आहेत. काही ठिकाणी दांडीतली अक्षरं बदललेली चालतात पण वळणातली चालत नाहीत. तिथे आकार आणि अक्षरं दोन्ही लागतात असं समजायचं.

दुसरी पद्धत रसायनाची. कापडाला घडी घालून, बांधून रंगात बुडवलं तर घडीच्या आत रंग पोचत नाही. आरएनएवर असं रसायन टाकतात की ते मोकळ्या, हलणाऱ्या अक्षरांना चिकटतं आणि जोडीत अडकलेल्यांना चिकटत नाही. मग कुठे चिकटलं ते एकेक अक्षर मोजतात. २००९ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात केव्हिन वीक्स यांच्या गटानं एचआयव्हीच्या अख्ख्या आरएनएचा नकाशा असा काढला.

"सर, ह्या विषाणूले कसं समजते की कोणता आरएनए आपला आन् कोणता पेशीचा?"

हाच तो प्रश्न.

परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. बाधित पेशीत पेशीचे स्वतःचे हजारो प्रकारचे आरएनए गर्दी करून असतात. विषाणूचा आरएनए त्या गर्दीत अगदी थोडा. वर, विषाणूच्या आरएनएलाही पेशी कापून-जोडून बारके तुकडे करते, त्यांच्यापासून वेगवेगळी प्रथिनं होतात. ते तुकडेही विषाणूचेच, पण अपुरे. नव्या कणात भरायला पाहिजे तो फक्त अखंड, सगळ्या ९,७०० अक्षरांचा आरएनए. आणि तरीही मोजून पाहिलं तर दहापैकी नऊहून अधिक कणांत तोच सापडतो. वेचणीला गेलेल्या बाईनं किर्र अंधारात शेकडो पऱ्हाट्यांतून नेमकी तीच दोन बोंडं तोडून आणावीत, असं हे काम आहे.

निवडणारा आहे गॅग नावाचं प्रथिन. एका कणाचं कवच दोन हजारांच्या आसपास गॅग मिळून बनवतात. गॅगच्या एका टोकाला न्यूक्लिओकॅप्सिड नावाचा भाग आहे. त्याच्यात जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या दोन छोट्या मुठी असतात. कपाशीला झिंक कमी पडलं की आपण फवारतो, तेच जस्त. या मुठींना मोकळे जी आवडतात, म्हणजे जोडीत न अडकलेले.

आता मोकळा जी कुठल्याही आरएनएवर सापडेल. पण विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला एक भाग असा वळलेला आहे की बरेच मोकळे जी जवळजवळ, ठरावीक अंतरावर, बाहेर तोंड करून बसतात. या भागाला ग्रीक अक्षरावरून 'साय' म्हणतात. त्यातल्या एका आकड्याच्या वळणावर जी-जी-ए-जी अशी चार अक्षरं आहेत. गॅगचे पहिले मोजके रेणू तिथे बसतात, आरएनएला पेशीच्या आवरणापाशी आणतात, आणि मग बाकीचे गॅग त्यांच्याभोवती जमत जातात. जिनिंगमधून निघालेल्या गाठीवर मार्का असतो, तो पाहून हमाल गाठ उचलतो. इथे मार्का शाईचा नाही, घडीचा आहे. उलगडून सरळ केला तर तोच आरएनए, तीच अक्षरं, पण मार्का गेला.

मग कापलेले तुकडे का भरले जात नाहीत? कारण कापायची जागा या भागाच्या मधोमध आहे. पेशीनं कात्री चालवली की जी-जी-ए-जी चा आकडा कापल्या भागाबरोबर जातो, आणि उरलेल्या अक्षरांना जुना सोबती न मिळाल्यानं ती दुसरीच घडी घालतात. म्हणजे आरएनए अखंड आहे की नाही, हे घडीवरूनच आपोआप तपासलं जातं. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी बराच वेळ वही मिटवून नुसता बसलो होतो.

साय काढून टाकला तर कण तयारच होत नाहीत का?

होतात. गॅगला कुठला तरी आरएनए लागतो, म्हणून तो पेशीचाच उचलून भरतो. बाहेरून कण तसाच दिसतो, आत विषाणूचा मजकूर नाही. असा कण पुढे आजार पसरवू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, सिकलसेलच्या प्रश्नात ती परत येईल.

तोच अखंड आरएनए प्रथिन बनवायलाही वापरतात ना? मग कोणता वाचायचा आणि कोणता भरायचा हे कोण ठरवतं?

बरोबर. गॅग स्वतः ज्या आरएनएवरून बनतो, तोच आरएनए गॅग नंतर कणात भरतो. पण एकच प्रत एकाच वेळी राइबोसोमनं (आरएनए वाचून प्रथिन बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्रानं) वाचायची आणि गॅगनं बांधायचीही, हे जमणार नाही.

अनेक वर्षं लोक समजत होते की एकच आरएनए आळीपाळीनं दोन घड्या घालतो. त्यात तथ्य होतं, पण खरी किल्ली फार बारीक निघाली. विषाणूच्या डीएनएवर जिथून आरएनए लिहायला सुरुवात होते तिथे तीन जी ओळीनं आहेत. लिहिणारं एन्झाइम कधी पहिल्यापासून सुरू करतं, कधी दुसऱ्यापासून, कधी तिसऱ्यापासून. म्हणून काही आरएनएच्या टोकाला तीन जी येतात, काहींना दोन, काहींना एकच. ९,७०० अक्षरांत फरक एक-दोन अक्षरांचा! पण एकच जी असलेला आरएनए अशी घडी घालतो की त्याचं टोक दोन आकड्यांच्या मध्ये दाबलं जातं. त्या टोकावर एक टोपी असते, आणि ती टोपी धरूनच पेशीची यंत्रणा आरएनए वाचायला घेते. टोपी दडली, वाचन थांबलं. त्याच घडीत गॅगची सुरुवात सांगणारी अक्षरंही झाकली जातात आणि दुसऱ्या प्रतीशी जोडी जमवणारा आकडा उघडा पडतो. हा आरएनए कणात जातो. दोन किंवा तीन जी वाल्याची टोपी बाहेर राहते, जोडीचा आकडा झाकला जातो, आणि तो प्रथिन बनवत पेशीतच राहतो.

हे काम मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतल्या मायकेल समर्स यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ आणि २०२० साली मांडलं. भरण्यासाठी लागणाऱ्या मधल्या गाभ्याचा त्रिमितीय आकार त्यांनी त्याआधी, २०१५ साली, दाखवला होता.

कणात दोन-दोन आरएनए कशाला?

सगळ्या रेट्रोव्हायरसांत एकाच आरएनएच्या दोन प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. बांधणी कशी होते ते कागदावर पाहता येतं. एका आकड्याच्या वळणावर सहा अक्षरं उघडी असतात. आपल्या देशात जो 'सी' उपप्रकार सगळ्यात जास्त आढळतो, त्याच्यात ती जी-यू-जी-सी-ए-सी अशी आहेत. आता हीच अक्षरं दुसऱ्या प्रतीवर उलट दिशेनं लिहा आणि समोरासमोर धरा : जी समोर सी, यू समोर ए, जी समोर सी. सगळ्या जोड्या जमतात. दोन प्रतींची वळणं एकमेकांना टेकून जुळतात. अमेरिका-युरोपात जास्त आढळणाऱ्या 'बी' उपप्रकारात याच जागी जी-सी-जी-सी-जी-सी आहे. अक्षरं निराळी, युक्ती तीच.

जोडी जमली की गॅगला बसायच्या जागाही वाढतात. म्हणजे जोडी जमणं आणि कणात भरलं जाणं ही कामं एकमेकांना धरून आहेत.

दोन प्रतींचा दुसरा फायदा नकलेच्या वेळी. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज एका प्रतीवरून लिहिता लिहिता दुसरीवर जातो, एका फेरीत अनेकदा. एका प्रतीत तुटलेला भाग असेल तर दुसरीवरून तो भरून निघतो. आणि दोन प्रती थोड्या वेगळ्या असल्या तर सरमिसळ होऊन तिसराच विषाणू निघतो. या एन्झाइमला स्वतःची चूक दुरुस्त करायची सोय नाही, त्यात ही सरमिसळ. औषध अर्धवट घेतल्यावर विषाणू त्याला दाद देईनासा होतो, त्यामागची मोठी कारणं हीच.

पेशीत शिरल्यावर नक्कल करताना घडीचा काही संबंध येतो का?

पावलोपावली येतो.

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला कोऱ्या पाटीवर सुरुवात करता येत नाही, आधी लिहिलेला एक तुकडा लागतो. एचआयव्ही तो आपल्याच पेशीतून उचलतो. लायसिन नावाचं अमिनो आम्ल वाहून नेणारा एक टी-आरएनए आहे, तो कणात सोबत भरला जातो. त्याच्या शेपटीची १८ अक्षरं विषाणूच्या आरएनएवरच्या १८ अक्षरांशी जुळतात. पण टी-आरएनएही घडी घातलेला असतो आणि ही जागाही. दोन्ही उलगडून एकमेकांत बसवायचं काम न्यूक्लिओकॅप्सिड करतो. ज्यानं घडी पाहून आरएनए निवडला, तोच आता घडी उलगडतो.

तिथून लिहीत लिहीत एन्झाइम लगेचच आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला पोचतं आणि कागद संपतो, कारण ती जागा टोकाजवळच आहे. तेव्हा नुकताच लिहिलेला छोटा डीएनए उडी मारून आरएनएच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. हे जमतं कारण दोन्ही टोकांना सारखाच मजकूर आहे. त्या मजकुरात 'टार' नावाचा घट्ट आकडा आहे. त्याची डीएनए नक्कलही तशीच वळते, आणि वळून राहिली तर उडी फसते. इथेही न्यूक्लिओकॅप्सिडच ती सरळ धरतो. मागचा आरएनए कापून टाकला जातो, फक्त ए आणि जी अक्षरांची एक छोटी पट्टी कापली जात नाही, आणि डीएनएचा दुसरा धागा तिथून सुरू होतो.

टारचं आणखी एक काम आहे. नवा आरएनए लिहिला जात असताना विषाणूचं टॅट नावाचं प्रथिन टारवर येऊन बसतं आणि पेशीची यंत्रणा तिथे ओढून आणतं. त्याच्याशिवाय लिहिणं थोड्याच अंतरावर थांबतं.

"घडी मधात आली तर राइबोसोम अडकत नाही का?"

अडकतो, आणि विषाणूला तेच हवं असतं. गॅगच्या शेवटाजवळ यू-यू-यू-यू-यू-यू-ए अशी निसरडी जागा आहे, आणि तिच्या पुढे लगेच एक आकडा. राइबोसोम आकड्याशी थबकतो, निसरड्यावरून एक अक्षर मागे घसरतो आणि पुढचं सगळं वेगळ्या विभागणीनं वाचतो. वीसात एकदा असं होतं. एकोणीस वेळा गॅग तयार होतो आणि एकदा गॅगला जोडून एन्झाइमं. विषाणूला याच प्रमाणात ती लागतात. कवचाला माल जास्त, एन्झाइमं थोडी. हे प्रमाण बिघडवलं तर कण निकामी होतात.

अखंड आरएनए केंद्रकाबाहेर येतो कसा?

पेशी सहसा न कापलेला आरएनए बाहेर सोडत नाही. एचआयव्हीच्या आरएनएत साधारण साडेतीनशे अक्षरांची एक घडी आहे, तिला आरआरई म्हणतात. तिच्यावर विषाणूचं रेव्ह प्रथिन एकावर एक बसतं आणि पेशीच्याच वाहतूक यंत्रणेला धरून आरएनए बाहेर काढतं.

कोरोनाही आरएनएचाच होता. मग तो रेट्रोव्हायरस का नाही?

कारण तो डीएनए लिहीत नाही. आरएनएवरून थेट आरएनए बनवतो आणि त्याचं जीवनचक्र गुणसूत्रात जोडलं जाण्यावर चालत नाही. घसरणाऱ्या राइबोसोमची युक्ती मात्र त्याच्याकडेही आहे. वरुडच्या एका संत्रा बागायतदारानं मला याच ओघात ट्रिस्टेझाबद्दल विचारलं होतं. मावा पसरवतो तो ट्रिस्टेझाही आरएनए विषाणूच, सुमारे १९ हजार अक्षरांचा, पण रेट्रोव्हायरस नाही.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या या घडीवर काम करतात का?

नाही. आज केंद्रावर मिळणाऱ्या एकत्रित गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर असतात. पहिली दोन रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला अडवतात, तिसरं गुणसूत्रात जोडणाऱ्या एन्झाइमला. लेनाकापाविर हे नवं औषध कवचावर काम करतं.

घडीवर औषध का काढत नाहीत, असा पुढचा प्रश्न येतोच. आरएनएवर बसणारं औषध ही नवी गोष्ट नाही. टेट्रासायक्लिन जिवाणूच्या राइबोसोममधल्या आरएनएवरच बसतं, आणि स्नायूंच्या एका जन्मजात आजारावरचं रिसडिप्लाम २०२० पासून वापरात आहे, तेही आरएनएवर काम करतं. एचआयव्हीच्या बाबतीत अडचण अशी की घडी लवचीक असते, आणि पेशीच्या स्वतःच्या हजारो घड्यांना न दुखावता नेमकी ही एकच धरायची असते. तरी संशोधक तिच्या मागे आहेत, आणि ते योग्य आहे असं मला वाटतं. औषधाला चुकवायला विषाणूनं दांडीवरचं एक अक्षर बदललं तर त्याची स्वतःचीच जोडी तुटते. सुटायला त्याला समोरचं अक्षरही बदलावं लागेल.

तोपर्यंत आहेत त्या गोळ्या रोज घ्या. सरकारी केंद्रांवर एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते. नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. घडीचं सगळं विज्ञान विसरलात तरी चालेल, हे वाक्य मात्र घरोघरी सांगा.

"आमच्या सिकलसेलशी याचा काही संबंध आहे का?"

आहे, आणि म्हणूनच हा विषय इथल्या पोरांनी शिकावा असं मला मनापासून वाटतं. गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत सिकलसेल आपल्या गावांना नवा नाही. माझ्या वर्गात दरवर्षी लाल-पिवळं कार्ड जवळ असलेली मुलं असतात. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर चुकल्यानं हा आजार होतो.

आता मघाची गोष्ट आठवा : ज्याच्यावर साय, तोच कणात भरला जातो. १९८३ साली मान, मलिगन आणि बाल्टिमोर यांनी उंदरांच्या रेट्रोव्हायरसचा साय काढून अशी पेशी तयार केली की ती रिकामी कवचं बनवते. त्या पेशीत आपल्याला हवं ते जनुक साय लावून सोडलं, की कवचात तेच भरलं जातं. कण पेशीत शिरतो, जनुक गुणसूत्रात जोडतो, पण पुढे नवा विषाणू बनवू शकत नाही, कारण कवचाच्या जनुकांना साय नाही आणि ती सोबत जात नाहीत. पुढे एचआयव्हीपासूनही अशी वाहनं तयार झाली, त्यांना लेंटिव्हायरल वाहक म्हणतात.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी लिफजेनिया या उपचाराला मान्यता मिळाली, तो अशाच वाहकावर चालतो. रुग्णाच्या रक्तमूळपेशी काढून त्यांच्यात हिमोग्लोबिनचं चालतं जनुक घालतात आणि पेशी परत देतात. त्याची किंमत ३१ लाख डॉलर ठेवली गेली, आणि त्यासोबत रक्ताच्या कर्करोगाच्या धोक्याचा कडक इशाराही आहे. आपल्या गावात आज तो पोचत नाही. आपल्याकडे आज हायड्रॉक्सियुरिया, नियमित तपासणी आणि लग्नाआधी दोघांचं रक्त तपासणं, हेच हाताशी आहे आणि ते खरंच कामाचं आहे. पण लेंटिव्हायरल वाहक वापरणारा एक उपचार भारतात तयार झाला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये इथेच मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, आणि परदेशातल्या तशा उपचारांपेक्षा बराच स्वस्त. रक्ताचे इतर आजारही याच वाटेनं स्वस्त व्हावेत, यासाठी शिकलेले हात लागतील.

डास चावल्यानं, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होतो का?

नाही. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा, नाव सांगावं लागत नाही.

घडी घरी करून पाहता येईल का?

येईल. सुतळीचा हातभर तुकडा आणि चार रंगांचे मणी घ्या. लाल म्हणजे जी, पिवळा सी, हिरवा ए, निळा यू. या क्रमानं ओवा : जी, जी, सी, ए, सी, यू, यू, सी, जी, जी, यू, जी, सी, सी. चौदा मणी झाले. आता सुतळी मधोमध वाकवा. पहिले पाच मणी शेवटच्या पाचांसमोर येतील आणि सगळ्या जोड्या जमतील. मधले चार, यू-यू-सी-जी, वळणावर मोकळे राहतील. हा झाला आकडा.

मग तिसरा मणी, पिवळा, काढून तिथे हिरवा घाला. पुन्हा वाकवून पाहा, मधली जोडी जमणार नाही. आता समोरचा, म्हणजे शेवटून तिसरा मणी कोणत्या रंगाचा घातला तर आकडा पुन्हा नीट बसेल, ते मला न विचारता शोधा. सापडलं की शेजारच्या पोराला करायला द्या.